आमच्या छपरावरचा डोंगर

छपरावर पट्ट्या किती प्रकारांनी लावता येतात, हा प्रश्न सुखी माणसाला कधी पडत नाही. मीही पंचावन्न वर्षं सुखी होतो. छप्पर डोक्यावर असतं आणि ते तिथे आहे तोवर वर बघायचं कारण नाही, एवढंच माझं त्या विषयातलं ज्ञान होतं.

मग आप्पांच्या खोलीत पाणी गळायला लागलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी, त्यातली चाळीस वर्षं पोस्टमन. वरच्या मजल्यावरची, थेट छपराखालची खोली त्यांची. तिच्या खिडकीतून अख्खी गल्ली दिसते, आणि हल्लीचा पोस्टमन कुठल्या दारात किती वेळ घालवतो यावर आप्पांचं लक्ष असतं. खोलीत आधी एक बादली आली, मग दुसरी, मग एक पातेलं. आप्पांची तक्रार नव्हती. "पातेल्याचा आवाज बादलीपेक्षा बरा आहे," एवढंच म्हणाले.

तक्रार ताईची होती. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि फोनवर आणखी दहा वर्षांनी.

"पुढचा नाही, त्याच्या पुढचा शनिवार," ती म्हणाली. "दहा वाजता गाडी घेऊन येतेय. तोवर छप्पर झालं नसेल तर आप्पांना घेऊन जाणार. कायमचं."

"होईल गं छप्पर."

"गेल्या वर्षीही 'होईल गं'च म्हणाला होतास. ब्याऐंशी वर्षांचा माणूस बादल्या मोजत झोपतो, लाज वाटते का? माझ्याकडे तळमजला आहे. जिने नाहीत. खोली कोरडी ठणठणीत आहे."

ताईच्या कोरड्या ठणठणीत खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते. हे मी बोललो नाही. फोन ठेवून वर गेलो आणि आप्पांना विचारलं, "मग, काय करायचं?"

"बघू," आप्पा म्हणाले, आणि खिडकीतून बघायला लागले.

तुम्ही इथेच राहा, हे वाक्य आमच्या घरात कुणी कुणाला मोठ्याने म्हणत नाही. आमच्याकडे त्याऐवजी छप्पर दुरुस्त करतात.

मिस्त्री सोमवारी आला. शिडी लावून वर गेला, पाच मिनिटं इकडेतिकडे ठोकलं आणि खाली येऊन म्हणाला, "सगळंच काढावं लागेल." लगेच काढायला सुरुवातही केली. संध्याकाळपर्यंत आमचं घर टोपी उडालेल्या माणसासारखं दिसायला लागलं. वर ताडपत्री बांधून मिस्त्री हात पुसत माझ्यापुढे उभा राहिला.

"नवीन शिंगल लावायचे ना? नमुना कुठला?"

शिंगल म्हणजे डांबराची, वर बारीक खडी चिकटवलेली चपटी पट्टी. आमच्याकडची हातभर लांब. एकीशेजारी एक लावत ओळ करायची, तिच्यावर थोडी चढवून पुढची ओळ. मला वाटलं, संपलं. पण दोन पट्ट्यांच्या मधे सांधा असतो, आणि वरच्या ओळीचा सांधा खालच्या ओळीच्या सांध्यावर येऊन चालत नाही. आला की पाणी सरळ आत. म्हणून प्रत्येक ओळ थोडी सरकवायची.

"अर्धी पट्टी सरकवू की तिसरा हिस्सा?" मिस्त्रीने विचारलं.

शहाणा माणूस म्हणाला असता, तुम्हाला योग्य वाटेल तसं. पण मी गेली सव्वीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. 'योग्य वाटेल तसं करा' हा शेरा मी असंख्य फायलींवर वाचलेला आहे, आणि त्याचे परिणाम माझ्या मागच्या कपाटात आहेत. कपाटाचं दार आता लागत नाही.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

हे 'उद्या' आठवडाभर चाललं.

टिपणी

विषय: अर्धा की तिसरा हिस्सा. अभिप्राय मागवले नव्हते, तरी प्राप्त झाले, ते येणेप्रमाणे.

समोरचे दातांचे डॉक्टर: "अर्धा. वाद नको. तुमच्या वरच्या दोन दातांमधली फट बघा, खाली बरोबर फट येत नाही. निसर्गाने विचार करून केलंय ते." मग माझ्या तोंडाकडे निरखून, "उजवी दाढ दाखवायला या एकदा."

शेजारचे गणितकाका, निवृत्त शिक्षक: "अर्ध्यावर लावलंत तर तिसऱ्या ओळीचा सांधा पुन्हा पहिल्याच्या रेषेत. तिसऱ्या हिश्श्यावर लावलंत तर चौथी ओळ येईपर्यंत नाही. म्हणजे पाण्याला एक ओळ जास्त फसवता येतं. हे आठवीच्या मुलालाही कळेल." मी आठवीत त्यांच्याच वर्गात होतो.

बायको: "गळणार नाही असं लावा."
मी: "ते झालंच. मी नमुन्याचं विचारतोय."
बायको: "मी नमुन्याचंच सांगतेय."

आप्पा: अभिप्राय नाही. ताडपत्रीचा आवाज पातेल्यापेक्षाही बरा असल्याचं कळवलं.

टिपणी समाप्त. निर्णय नाही.

निर्णय व्हावा म्हणून मी जेवणाच्या टेबलावर पत्त्यांचे तीन जोड मांडून प्रयोग सुरू केले. राजे, राण्या, गुलाम असे उलटे पालथे घालून अर्धा नमुना एका टोकाला, तिसरा हिस्सा दुसऱ्या टोकाला. डॉक्टर रोज दवाखान्यात जाता जाता एक राणी अर्ध्या इंचाने सरकवून जायचे. गणितकाका दुपारी येऊन ती परत जागेवर आणायचे. घरची माणसं चार दिवस ताटं हातात घेऊन उभ्याने जेवली. पाचव्या दिवशी बायकोने टेबलावरची चादर चारी टोकांनी उचलली आणि सगळं छप्पर एका कपाटात कोंबलं.

त्याच दिवशी दुकानदाराचा निरोप आला. राखाडी शिंगल कमी पडतायत. चार गठ्ठे गडद काळपट देतो, मधे मधे टाका, कळतसुद्धा नाही.

कळत नाही? घराच्या कपाळावर डाग पडणार आणि कळणार नाही? मी चिडलो, पण चिडतानाच मला ते दिसलं. त्या काळपट पट्ट्या मधे मधे टाकायच्याच नाहीत. एकत्र लावायच्या. वर एक, तिच्याखाली दोन, त्यांच्याखाली तीन, असं चौदा ओळींपर्यंत. राखाडी आभाळ, त्यात गडद डोंगर. दर्शनी उतारावर, आप्पांच्या खिडकीच्या वर, बरोबर मधोमध. ताई गाडीतून उतरेल, मान वर करेल आणि तिला शब्द सुचणार नाही.

(शेवटचं खरं झालं.)

हा डोंगर अर्ध्या पट्टीच्या नमुन्यातच दोन्ही बाजूंनी सारखा उतरतो. तिसऱ्या हिश्श्याने लावला की डावीकडे कलतो, दरड कोसळताना दिसते तसा. म्हणजे अर्धा. आठ दिवसांचा तिढा चार काळपट गठ्ठ्यांनी सोडवला. डॉक्टर खूश झाले. गणितकाकांनी माझ्याशी बोलणं बंद केलं आणि निरोप कुंपणावरून बायकोमार्फत द्यायला लागले. "त्याला सांगा, डोंगर म्हणे! मी त्याला भूमितीत पास केलं ही माझी चूक."

आता दर्शनी बाजूला दोन रंग म्हणजे नगरपालिकेची परवानगी. हेही मला गणितकाकांनीच बायकोमार्फत कळवलं, आणि फार आनंदाने कळवलं.

खिडकी क्रमांक चार

बाई: नमुन्याचं नाव?
मी: डोंगर.
बाई: यादीत नाही.
मी: काय काय आहे यादीत?
बाई: सरळ, अर्धा, तिरपा, इतर.
मी: मग इतर लिहा.
बाई: इतर असेल तर चित्र. तीन प्रती.

दुसऱ्या दिवशी.

बाई: चित्र कुणी काढलं?
मी: मीच.
बाई: छान आहे. तांत्रिक व्यक्तीची सही-शिक्का?
मी: चित्र छान आहे म्हणालात ना?
बाई: छान आहे म्हणूनच विचारतेय. तांत्रिक व्यक्तीने काढलेलं वाटत नाही.

बुधवारी मी सही-शिक्का घेऊन गेलो. बाईंनी शिक्का वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला.

"दंतवैद्य?"

"तांत्रिक व्यक्ती आहेत," मी म्हणालो.

बाईंनी रकान्यावर बोट ठेवलं. "इथे तांत्रिक व्यक्ती लिहिलंय," त्या म्हणाल्या. "कसली, ते लिहिलेलं नाही." आणि तिन्ही प्रती ठेवून घेऊन परवानगीवर सही केली.

त्या बाईंबद्दल मला जे वाटलं ते मी घरी बोलू शकलो नाही. सव्वीस वर्षं मी लोकांचे अर्ज परत पाठवतोय. असं वाचायचं मला एकदाही सुचलेलं नाही.

चित्रं तिकडे गेली. मिस्त्रीसाठी मी कार्यालयातल्या नोंदवहीचा कोरा कागद घेतला आणि स्वच्छ अक्षरात तक्ता केला.

ओळ १: गडद १, मधोमध.
ओळ २: गडद २.
ओळ ३: गडद ३.

असं करत ओळ १४: गडद १४. बाकी सगळं राखाडी. खाली सही, तारीख. इतका निर्दोष तक्ता आमच्या खात्यात गेल्या दहा वर्षांत झाला नसेल.

गुरुवारी मागचा उतार झाला. शुक्रवारी मिस्त्री पुढच्या उताराला लागला आणि मी कामावर गेलो, कारण 'घराचे छप्पर' हे रजेचं कारण साहेबांना पटलं नाही. अकरा वाजता मिस्त्रीचा फोन आला.

"साहेब, पहिल्या ओळीचा गडद तुकडा बरोबर मधे घेतला तर त्याचा सांधा आणि त्याच्या खाली आधाराला टाकलेल्या कोऱ्या पट्टीचा सांधा एकावर एक येतोय. वीतभर डावीकडे घेऊ?"

"मग मधोमध कसा येणार?"

"नाही येणार."

"मंजूर चित्रात मधोमध आहे."

"पण साहेब, सांधा..."

"तक्त्याप्रमाणे करा," मी म्हणालो. समोर दोन शिपाई उभे होते आणि मला उगाचच अधिकारी झाल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी वळलो तर आमच्या घरासमोर सात-आठ माणसं माना वर करून उभी. मला अभिमान वाटला. मी चालण्याचा वेग कमी केला, त्यांना पोटभर बघू द्यावं म्हणून. मग मीही वर बघितलं.

डोंगर उलटा होता.

रुंद पायथा वर आढ्याजवळ आणि शिखर खाली वळचणीला. चौदा गडद पट्ट्या, तेरा, बारा, अशा निमुळत्या होत होत शेवटची एकुलती एक पट्टी बरोबर आप्पांच्या खिडकीच्या डोक्यावर. मधोमध. एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही.

"बाण आहे," कुणीतरी म्हणालं.

"सुळा," डॉक्टर म्हणाले. "वरचा. मुळासकट."

मिस्त्री शिडी आवरत होता. मी त्याला बाजूला घेतलं. "हे काय केलंत? एक वर होता, चौदा खाली!"

त्याने खिशातून तक्ता काढून उलगडला. "ओळ एक, गडद एक. केली. ओळ दोन, गडद दोन. केली."

"अहो, ओळ एक म्हणजे वरची!"

मिस्त्री माझ्याकडे इतक्या सौम्यपणे बघायला लागला की मला आधीच कळलं. "साहेब, छपराची पहिली ओळ खालची असते. खालून वर लावत जातात. वरून सुरू केलं तर प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या उरावर बसेल आणि सगळं पाणी आत."

"पण चित्रात डोंगर दिसत होता की!"

"कुठलं चित्र?"

तिन्ही प्रती खिडकी क्रमांक चारमध्ये होत्या. मिस्त्रीला मी फक्त तक्ता दिला होता. जन्मभर कागदाच्या वरच्या टोकापासून ओळी मोजणाऱ्या माणसाचा, खालून वर बांधणाऱ्या माणसाला.

राखाडी शिंगल संपले होते. दिवसही संपला होता. मी वर गेलो. आप्पा खिडकीशी बसले होते.

"पाहिलंत?"

"दुपारीच. फाटकाशी गेलो होतो. पाचव्या-सहाव्या ओळीला वाटलं, उलटं चाललंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी मेहनत घेतली होतीस, म्हटलं असेल काहीतरी मनात." आप्पांनी जरा विचार केला. "पत्ता मात्र सोपा झाला. असा बाण प्रत्येक घराला असता तर मी दुपारी बारालाच घरी आलो असतो."

शनिवारी दहाला पाच कमी असताना ताईची गाडी आली. ती उतरली, तिने मान वर केली, आणि मघाशी कंसात म्हटल्याप्रमाणे तिला शब्द सुचले नाहीत. साधारण अर्धा मिनिट.

"हे काय आहे?"

"छप्पर."

"बाण दिसतोय."

"डोंगर आहे," मी म्हणालो. "उलटा."

"मुद्दाम?"

या प्रश्नाला सन्मानाने देता येईल असं उत्तर मी अजून शोधतोय. ताईने पदर खोचला. "ते जाऊ दे. कसंही दिसो. गळतं का?"

"एक थेंब नाही गळणार."

"कशावरून?"

इथे मी थांबायला हवं होतं. आभाळ स्वच्छ होतं, पुढचे पंधरा दिवस पावसाचं नाव नव्हतं. पण कालपासून गल्लीत जो येईल तो माझ्याकडे बघून गालात हसत होता, आणि निदान एका बाबतीत तरी मला बरोबर ठरायचं होतं. मी बागेची नळी आणली. पाणीपुरवठा खात्यातला सव्वीस वर्षांचा कर्मचारी, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या छपरावर, सर्वांसमक्ष पाणी सोडायला लागला. पाणी शिंगलांवरून झरझर उतरून पन्हाळीत पडत होतं. डॉक्टरांनी टाळी वाजवली.

"त्याला सांगा," गणितकाका कुंपणापलीकडून बायकोला म्हणाले, "की बाणाच्या टोकावर धर. सगळं पाणी तिथे जमणार." मग राहवलं नाही आणि थेट मला, "अरे टोकावर, टोकावर! आणि पाच मिनिटं धर. दोन मिनिटांत काही सिद्ध होत नाही."

मी पाच मिनिटं टोकावर धरली. बोलणं सुरू झाल्याच्या आनंदात सहा.

"चल, वर बघू," ताई म्हणाली.

जिन्यात ती पुढे, तिच्या मागे मी, माझ्या मागे बायको. ताईचे गुडघे दुखतात. प्रत्येक पायरीवर तिचा हात कठड्यावर घट्ट बसत होता, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की ही नुसती रागावलेली नाही. तिला आप्पांसाठी भीती वाटते, या जिन्याची, त्या पाण्याची, आणि इतक्या लांबून तिला यातलं काहीच करता येत नाही.

आप्पा खाटेवर बसले होते. शेजारी बॅग, ताईने फोनवर बजावल्याप्रमाणे भरलेली. खिडकीखाली फरशीवर पाणी होतं. फार नाही, ताटाएवढं. आणि खिडकीच्या वर, छताच्या लाकडावर, जिथे बाहेरून शिखर टेकलं होतं बरोबर तिथे, ओला डाग. त्याच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. पडावं की नाही, याचा त्याचाही निर्णय झाला नसावा.

सांध्यावर सांधा. मिस्त्रीचा शब्द न् शब्द मला आठवला. आणि त्यावरचं माझं 'तक्त्याप्रमाणे करा'ही. ताई पाण्याकडे बघत होती. मी बॅगेकडे.

"माझ्याकडून झालं ते," आप्पा म्हणाले. "पाणी प्यायला उठलो, तर पेला कलंडला."

ताईने कोनाड्याकडे पाहिलं. पेला तिथे उपडा होता आणि कोरडा होता. मग तिने मान वर करून छताकडे पाहिलं.

"पेला कलंडला?"

"हो."

"आणि छत कसं भिजलं, आप्पा?"

आप्पांनी वर बघितलं. थेंब टपकन पडला. चाळीस वर्षं दारोदार जाऊन ज्याचं त्यालाच देणारा माणूस. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण सुरुवात केली होती आणि आता माघार घ्यायची नव्हती.

"जोरात कलंडला," ते म्हणाले.

बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मी डोळे मिटून घेतले.

चेन उघडल्याचा आवाज आला. पाहिलं तर ताईने बॅग उघडली होती. नीट घड्या घातलेल्या कपड्यांतून तिने आप्पांचा टॉवेल ओढून काढला, दुखऱ्या गुडघ्यांवर सावकाश खाली बसली आणि फरशी पुसायला लागली. कोपऱ्यापर्यंत, स्वच्छ. मी पुढे झालो तर हाताने बाजूला सारलं. पुसून झाल्यावर खाटेचा आधार घेत उठली, टॉवेल पिळून खिडकीच्या गजावर वाळत टाकला आणि पदराने हात कोरडे केले.

"आप्पा," ती म्हणाली, "पेला कोनाड्यात जरा आत ठेवत जा."